पंच डॉक्टर असेल तर : मैदानात कुणाला लागलं की काय करायचं

पंचांच्या प्रशिक्षण वर्गात एखादा तरी डॉक्टर, नर्स, फिजिओ किंवा ॲम्ब्युलन्सवर काम केलेला माणूस असतोच. बाकीचे त्याच्याकडे बघून म्हणतात, चला, आता सामन्यात कुणाला लागलं तरी काळजी नको. हळूहळू त्यालाही ते खरं वाटायला लागतं. हा लेख त्या माणसासाठी आहे, आणि त्याला पहिली गोष्ट सांगायची ती ही, की काळजी असू द्या.

दवाखान्यात तुम्ही ताजेतवाने असता, हाताशी साहित्य असतं, मदतीला माणसं असतात. मैदानात तुम्ही अर्धा तास धावलेले असता, छाती धपापत असते, खिशात दोन कार्डं आणि एक पेन्सिल. दोन्ही संघ तुमच्यावर ओरडत असतात. अशा अवस्थेत दुसऱ्याची नाडी बघायला बोट ठेवलं तर स्वतःचेच ठोके जाणवण्याची शक्यता जास्त. पण मैदानावर दुसऱ्या कुणाकडे नसलेली एक गोष्ट तुमच्याकडे असते, ती म्हणजे खेळ थांबवायचा अधिकार. फुटबॉलमध्ये संघाचा डॉक्टर रेषेबाहेर बॅग घेऊन उभा असला तरी तुम्ही खूण केल्याशिवाय त्यानं आत यायचं नसतं. म्हणजे तो कितीही निष्णात असला तरी त्याचं काम तुमच्या हाताच्या इशाऱ्यानंतर सुरू होतं. तुमचं वैद्यकीय ज्ञान सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते इथे : कोण नुसता पडलाय आणि कोण कोसळलाय हे इतरांपेक्षा पाच सेकंद आधी ओळखण्यात. उपचार हे त्यानंतरचं काम, आणि पुष्कळदा ते तुम्ही करायचंही नसतं.

पायरी १ : हंगाम सुरू व्हायच्या आधी कागद नीट करा

आपण वैद्यकीय क्षेत्रातले आहोत हे संघटनेला लेखी कळवा आणि तीन प्रश्नांची उत्तरं लेखीच मागा. सामनाधिकाऱ्यानं उपचार केले तर संघटनेच्या विम्यात ते बसतं का? तुमचा व्यावसायिक विमा दवाखान्याबाहेरच्या, क्रीडांगणावरच्या कामाला लागू होतो का? (हे दुसरं विमा कंपनीलाच विचारावं लागेल.) आणि तुम्ही रुग्णाजवळ अडकलात तर सामना कोणाच्या ताब्यात जाईल?

अडचणीतल्या माणसाला सद्‌हेतूनं, मोबदला न घेता मदत करणाऱ्याला पुष्कळ देशांत कायद्याचं संरक्षण आहे. पण तुम्ही नेमलेले, मानधन घेणारे अधिकारी आहात. ते संरक्षण तुमच्यापर्यंत पोहोचतं की नाही, हे त्या त्या ठिकाणच्या कायद्यावर अवलंबून असतं. तेव्हा हा प्रश्न मैदानावर सुटण्यासारखा नाही, आधीच विचारून ठेवा.

पदवीबद्दल एक स्पष्ट बोलतो. जर्मनीचे मार्कुस मेर्क व्यवसायानं दंतवैद्य. २००४च्या युरो स्पर्धेचा अंतिम सामना त्यांनीच चालवला. पंच म्हणून उत्तम असायला दंतवैद्यक आड येत नाही, तसं ते फारसं कामीही येत नाही. तुम्ही त्वचारोगतज्ज्ञ असाल आणि छातीदाबाचा, म्हणजे थांबलेल्या हृदयासाठी छाती दाबत राहण्याचा, सराव शेवटचा कधी केला ते आठवावं लागत असेल, तर नुकताच प्रथमोपचाराचा वर्ग केलेला लाइन्समन तुमच्यापेक्षा बरा. जीवरक्षणाचं प्रमाणपत्र मुदतीत ठेवा आणि मधल्या काळातही पुतळ्यावर हात चालवत राहा.

पायरी २ : नाणेफेकीच्या आधीची दहा मिनिटं

नवे पंच या वेळात जाळी तपासतात, खेळपट्टी बघतात, खेळाडूंचे बूट पाहतात. त्यातच आणखी एक फेरी घाला.

एईडी म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र कुठे आहे ते विचारा. ‘ऑफिसात आहे’ या उत्तरावर थांबू नका, स्वतः जाऊन बघा. पेटी भिंतीवर असते, पेटीला कुलूप असतं, किल्ली ज्याच्याकडे असते तो माणूस जेवायला गेलेला असतो, असं चित्र नेहमीचं. पेटी उघडून बघा : तयार असल्याची खूण दिसते आहे का, पॅडच्या पाकिटावरची मुदत संपली आहे का, आत कात्री, वस्तरा आणि छोटा टॉवेल आहे का. घामानं निथळणाऱ्या छातीवर पॅड चिकटत नाहीत, त्यामुळे तो टॉवेल शोभेचा नाही. मग पेटीपासून मैदानाच्या लांबच्या टोकापर्यंत चालत जा. चालायला तीन मिनिटं लागत असतील तर यंत्र सामना संपेपर्यंत राखीव पंचाच्या किंवा गुणलेखकाच्या टेबलावर आणून ठेवायला सांगा. यावर आयोजक कुरकुरतात. कुरकुरू द्या.

ॲम्ब्युलन्स कोणत्या फाटकातून येईल, ते फाटक उघडं आहे का, तिथे कुणाची गाडी उभी आहे का, तेही बघा. मैदानाचा पत्ता फोनवर सांगता येईल असा एका कागदावर लिहून टेबलावर ठेवा. घाईत माणसाला रोजच्या जागेचा पत्ताही सुचत नाही.

त्यानंतर दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांना आणि वैद्यकीय माणसांना एकत्र भेटा. संघाबरोबर डॉक्टर आहे, फिजिओ आहे की नुसतीच बर्फाची पिशवी घेतलेला राखीव खेळाडू आहे, हे कळलं पाहिजे. खुणा ठरवा. मी दोन पुरेशा मानतो : एक साधी ‘या’, आणि दोन्ही हात डोक्यावर आडवे धरलेली दुसरी, जिचा अर्थ ‘यंत्र घेऊन धावत या आणि फोन लावा’. फोन कोण लावणार, यंत्र कोण आणणार, फाटकावर कोण उभं राहणार, ही तीन नावं त्याच वेळी ठरवून टाका.

सहकारी पंचांशीही बोला : ‘मी खाली बसलो तर सामना तुझा.’ हे वाक्य आधी बोललेलं नसेल तर ऐन वेळी सगळेच गोंधळतात.

खिशात काय ठेवावं? नायट्रिलच्या हातमोज्यांचा एक जोड कार्डांच्या मागे सहज मावतो. कृत्रिम श्वासासाठीचा मास्क, कात्री, पट्ट्या हे सगळं टेबलावर. कात्री खिशात ठेवून धावू नका. तुम्हीही पडता.

पायरी ३ : खेळ कधी थांबवायचा

आपल्या खेळाचा नियम पाठ असला पाहिजे, कारण प्रत्येक खेळात तो वेगळा आहे. फुटबॉलच्या नियम ५ नुसार दुखापत किरकोळ असेल तर चेंडू बाहेर जाईपर्यंत खेळ चालू राहतो, आणि पंचाच्या मते ती गंभीर असेल तर खेळ तिथेच थांबतो. क्रिकेटमध्ये खेळाडूला किंवा पंचाला गंभीर इजा झाली असावी असं वाटलं की पंच ‘डेड बॉल’ देतो, मग झेल हवेत असो की धावचीत व्हायचं असो. रग्बीचा नियम आणखी पुढे जातो : खेळाडूला इतकं लागलंय की त्यानं खेळू नये, असं रेफ्रीला वाटलं तर तो डॉक्टरच्या सल्ल्यानं किंवा सल्ल्याशिवायही त्याला बाहेर काढू शकतो.

गंभीर म्हणजे काय हे नियमात तपशिलानं लिहिलेलं नसतं. तिथे तुमची नजर कामाला येते. खाली पडल्यावर गुडघा धरून लोळणारा, ओरडणारा, तुमच्याकडे एक डोळा ठेवणारा खेळाडू श्वास घेतोय, शुद्धीत आहे आणि त्याचा मेंदू चालतोय. त्याच्यासाठी पाच सेकंद थांबता येतं. हालचाल न करणाऱ्यासाठी थांबता येत नाही. पडताना हात पुढे न आलेला, लाकडासारखा सरळ पडलेला, पडल्यावर हात विचित्र ताठ होऊन हवेत राहिलेला, डोकं आपटल्यावर ज्याचं अंग एकदम सैल पडलं असा कुणीही दिसला की लगेच शिट्टी. चेंडू कुठे आहे ते बघायचं नाही.

आणि सगळ्यात वरचा नियम : आजूबाजूला कुणी नसताना, कुणाचा धक्का न लागता खेळाडू कोसळला, तर तसं नाही असं सिद्ध होईपर्यंत त्याचं हृदय थांबलंय असंच धरून चाला. १२ जून २०२१ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्क-फिनलंड फुटबॉल सामन्यात डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन असाच कोसळला. थ्रो-इनचा चेंडू घ्यायला तो पुढे आला आणि पडला, त्याला कुणी भिडलेलं नव्हतं. रेफ्री अँथनी टेलर यांनी काही सेकंदांत खेळ थांबवून वैद्यकीय पथकाला आत बोलावलं. पथकानं छातीदाब दिला, यंत्राच्या झटक्यानं हृदय परत चालू झालं. पुढच्याच वर्षी एरिक्सन पुन्हा खेळायला लागला. टेलर डॉक्टर नाहीत. त्यांना कळलं ते इतकंच, की हा फाउल नव्हे, आणि तेवढं कळणं पुरेसं ठरलं.

छातीवर मार बसल्यानंतरचं कोसळणं फसवं असतं. चेंडू, कोपर किंवा खांदा छातीच्या मध्यावर नेमक्या क्षणी आदळला तर हाड न मोडताही हृदयाची लय बिघडते. अमेरिकन फुटबॉलमधला डमार हॅमलिन २ जानेवारी २०२३ला टॅकलनंतर उठून उभा राहिला आणि क्षणभरात मागे कोसळला. उठून उभा राहिलाय म्हणजे ठीक आहे, असं धरून पाठ फिरवू नका. छातीला लागलेल्याकडे पुढची काही सेकंदं बघत राहा.

पायरी ४ : कोसळलेल्या खेळाडूजवळ पहिली दोन मिनिटं

समजा, संघाबरोबर डॉक्टर नाही आणि तुम्हीच सगळ्यात जवळ आहात. शिट्टी वाजवली, मोठी खूण केली. आता पळत जा, पण शेवटची दोन पावलं हळू टाका. तेवढ्यात त्याची छाती हलतेय का, मान कशी वळलीय, रक्त कुठे आहे, हे दिसून जातं.

त्याच्या कानाशी जोरात नाव घ्या, नाव माहीत नसेल तर जर्सीचा नंबर. खांद्याला थोपटा. प्रतिसाद नसेल तर कपाळ मागे, हनुवटी वर करून श्वास बघा. दहा सेकंदांच्या वर यात घालवायची नाहीत. नाडी बघायची सवय असेल तर त्याच दहा सेकंदांत बघा, आणि लागते की नाही अशी शंका आली तर नाही असं धरा.

इथे दोन गोष्टी भल्याभल्यांना चकवतात. हृदय थांबल्यावर पहिली मिनिट-दोन मिनिटं माणूस मासा पाण्याबाहेर तडफडावा तसे आचके देतो, घोरल्यासारखा आवाज काढतो. तो श्वास नव्हे. दुसरं, मेंदूला रक्त कमी पडल्यानं हातपाय थोडा वेळ झटके देतात आणि लोक म्हणतात, फिट आली. मग कुणीतरी चामड्याची चप्पल नाकाशी धरायला धावतो, कुणी दातांमध्ये चमचा घालतो. धक्क्याशिवाय कोसळून लगेच झटके देणारा खेळाडू श्वास नीट घेत नसेल तर छातीदाब सुरू करा. फिट असेल तर तो हात झटकेल किंवा कण्हेल आणि तुम्ही थांबाल, त्यात फार बिघडत नाही. उलट बाजूनं चूक झाली तर मात्र भरून निघत नाही.

तिसरी गोष्ट जिभेची. ‘जीभ गिळली, जीभ गिळली’ असं ओरडत सहकारी खेळाडू त्याच्या तोंडात बोटं घालतात. जीभ गिळता येत नाही. बेशुद्ध माणसाची जीभ सैल होऊन मागे पडते, आणि हनुवटी वर उचलली की वाट मोकळी होते. तोंडात बोटं घालण्यात महत्त्वाची सेकंदं जातात आणि बोटंही चावली जातात. त्या खेळाडूला काहीतरी काम द्या, नुसतं बाजूला हो म्हटलं तर तो होणार नाही. ‘तू सगळ्यांना पाठ करून उभं कर, कडं कर’ असं सांगितलं की तो ते मनापासून करतो.

आता छातीदाब. छातीच्या मध्यावर तळहाताचा खालचा भाग, कोपर सरळ, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. मास्क असेल आणि येत असेल तर ३० दाबांना २ श्वास, नसेल तर नुसते दाब चालू ठेवा. दर दोन मिनिटांनी हात बदला. तुम्ही आधीच धावून दमलेले आहात, तुमचे दाब तुम्हाला वाटतं त्याहून लवकर उथळ होतात. ज्याला येतं त्याला बसवा आणि तुम्ही मोजा.

यंत्र आलं की दाब न थांबवता दुसऱ्यानं जर्सी कापायची, छाती पुसायची, एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांवर. खेळाडू मुलगी असेल तर लोक इथे कचरतात आणि वेळ जातो. स्पोर्ट्स ब्राही कापायचीच, माणसांचं कडं बाहेर तोंड करून उभं असेल तर आडोसा आपोआप होतो. गवत ओलं असलं तरी चालतं, फक्त खेळाडू साचलेल्या पाण्यात नको. मग यंत्र बोलेल तसं करायचं. ते ‘दूर व्हा’ म्हणालं की खरोखर कुणाचा हात लागलेला नाही हे तुम्ही बघायचं आणि तुम्हीच मोठ्यानं सांगायचं. झटका दिला की लगेच पुन्हा दाब, नाडी शोधत बसू नका.

हे सगळं इतक्या घाईत का? छातीदाब मिळाला नाही तर झटक्याला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिरानं जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. फाटकाजवळ ॲम्ब्युलन्सची वाट बघण्याइतका वेळ नसतो. आणि लवकर हार मानू नका : १७ मार्च २०१२ला टॉटनहॅमविरुद्धच्या सामन्यात बोल्टनचा फॅब्रिस मुआम्बा कोसळला. त्याचं हृदय ७८ मिनिटं स्वतःहून चाललं नव्हतं, आणि तो वाचला. त्या दिवशी प्रेक्षकांतून एक हृदयरोगतज्ज्ञ खाली उतरून मदतीला आला होता. रेफ्री हॉवर्ड वेब यांनी सामना तिथेच सोडून दिला.

फोन करणाऱ्याला नेमकं बोट दाखवून सांगा. ‘कुणीतरी फोन करा’ म्हटलं की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं केला. ‘निळी टोपी, तुम्ही. फोन लावा, लावला की मला येऊन सांगा.’

पायरी ५ : डोकं आणि मान

मैदानावर हृदयाचे प्रसंग विरळा, डोक्याचे मात्र रोजचे. बेशुद्ध पडला नाही म्हणजे मेंदूला मार लागला नाही, हा समज तुमच्या तरी मनात नसावा. हळू उठणं, पहिलं पाऊल डळमळणं, डोकं धरणं, कोरी नजर, चुकीच्या बाजूला जाऊन उभं राहणं, यातलं एक दिसलं तरी पुरे. प्रश्न विचारायचे ते खेळाशी जोडलेले : आपण कुठल्या मैदानावर आहोत, पहिला अर्धा आहे की दुसरा, शेवटचा गोल कोणी केला, मागचा सामना कोणाशी होता. उत्तर बरोबर आलं म्हणजे मोकळा, असं नाही. उत्तर चुकलं तर मात्र चर्चा संपली. संशय आला की खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. तो बरा वाटतोय म्हणेल, कर्णधार हात जोडेल, पालक बाकावरून ओरडतील की त्याला काही झालेलं नाही.

क्रिकेटला हे शहाणपण महागात पडून आलं. २५ नोव्हेंबर २०१४ला ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज याला मानेवर चेंडू लागला आणि दोन दिवसांनी तो गेला. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये कन्कशनसाठी, म्हणजे डोक्याच्या मारानं मेंदूला होणाऱ्या इजेसाठी, बदली खेळाडूची सोय १ ऑगस्ट २०१९पासून सुरू झाली, आणि त्याच महिन्यात लॉर्ड्‌सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. फुटबॉलमध्ये डोक्याला मार लागला तर तपासणीसाठी तीन मिनिटांपर्यंत खेळ थांबवायची पद्धत २०१४पासून आहे. त्या तीन मिनिटांत घड्याळ बघून डॉक्टरला घाई करणारे रेफ्री मी बरेच पाहिलेत. तुम्ही तसं करू नका, वेळ शेवटी जोडता येतो.

मान दुखतेय, हातापायांत मुंग्या येतायत, जोर लागत नाही, दोन-दोन दिसतंय, उलट्या होतायत, डोकेदुखी वाढतेय, झटका आला, गोंधळ वाढत चाललाय : यातलं काहीही असेल तर ॲम्ब्युलन्स. मानेची शंका असेल तर पहिलं वाक्य ‘हलू नकोस, मान हलवून उत्तर देऊ नकोस, तोंडानं बोल’. डोकं दोन्ही हातांनी जसं आहे तसं धरा आणि धरूनच राहा. हेल्मेट काढू नका, श्वासासाठी अडत असेल तरच जाळी किंवा हेल्मेट काढायचा विचार. सहकारी खेळाडू त्याला उचलून रेषेबाहेर न्यायला बघतात, त्यांना अडवायचं काम शिट्टीवाल्याचंच. श्वास आणि मणका यांत निवड करायची वेळ आली तर श्वास आधी.

डॉक्टर पंचाची खरी अडचण वेगळी असते. समोरच्या संघाचा डॉक्टर म्हणतो खेळाडू ठीक आहे, आणि तुम्हाला दिसतंय की तो ठीक नाही. फुटबॉलमध्ये तंदुरुस्तीचा शब्द संघाच्या डॉक्टरचा, रग्बीत तुमच्या हातात जास्त आहे. कुठल्याही खेळात एवढं करता येतं : त्या डॉक्टरला बाजूला घेऊन, आवाज न चढवता, तुम्ही काय पाहिलं ते सांगायचं. ‘पडल्यावर तीन सेकंद हात ताठ होता, तुम्ही तेव्हा उलट्या बाजूला होतात.’ निदान सांगू नका, पाहिलेलं सांगा. बहुतेक डॉक्टर ऐकतात. आणि जिथे डॉक्टरच नाही, नुसता प्रशिक्षक आहे, तिथे सुरक्षिततेच्या कारणानं खेळाडूला आत न घेण्याचा निर्णय तुम्ही घ्या आणि अहवालात लिहा.

पायरी ६ : उष्णता

उन्हाळ्यातल्या दुपारच्या सामन्यात दुसऱ्या अर्ध्यात एखादा चिडचिडा होतो, उलटसुलट बोलतो, भलत्याच दिशेला धावतो. पंच म्हणून कार्ड काढायची इच्छा होते. डॉक्टर म्हणून थांबा. दमलेला, गोळे आलेला खेळाडू सावलीत पाणी पिऊन सावरतो, पण ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याला उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं समजू नका, खेळताना झालेल्या उष्माघातात खेळाडू घामानं भिजलेला असू शकतो. काखेत थर्मामीटर लावून आलेल्या आकड्यावरही विसंबू नका, तो कमी दाखवतो.

इथे क्रम उलटा आहे : आधी थंड करायचं, मग हलवायचं. टब असेल तर बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत, डोकं कुणीतरी धरून. टब नसेल तर कपडे काढून अंगावर सतत पाणी ओतत राहा, बर्फात भिजवलेले टॉवेल मान, काख, जांघ, पाठ असे फिरवत बदलत राहा, वारा घाला. पहिल्या अर्ध्या तासात तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या खाली आणणं हे लक्ष्य. शुद्ध नीट नसेल तर तोंडानं पाणी पाजू नका.

खरा उपाय सामन्याच्या आधीचा. फुटबॉलमध्ये उष्णता-आर्द्रतेचा एकत्रित निर्देशांक ३२ अंशांवर गेला की पाण्यासाठी खेळ थांबवण्याची पद्धत रुळली आहे. मोजायचं यंत्र नसलं तरी थांबा घ्यायला कुणी अडवत नाही.

पायरी ७ : बाकीचं, थोडक्यात

रक्त येत असेल तर हातमोजे आणि दहा मिनिटं न उचलता घट्ट दाब. रक्तस्राव थांबला, कपड्यांवर रक्त नाही, हे बघूनच परत आत. हात किंवा पाय वाकडा दिसत असेल तर जसा आहे तसा आधार द्या, खालच्या बाजूला स्पर्श कळतोय का आणि नाडी लागतेय का ते बघा. निखळलेला खांदा तुम्हाला बसवता येत असेल, दवाखान्यात शंभरदा बसवलाही असेल. एक्स-रे नसताना, पंचाच्या कपड्यात, तो मैदानावर बसवू नका. पक्का दात मुळासकट पडला तर मुळाला हात न लावता वरच्या भागानं उचला. खेळाडू पूर्ण शुद्धीत असेल तर दात लगेच खाचेत बसवता येतो, नाहीतर दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे. दम्याचा खेळाडू असेल तर त्याचा इनहेलर कोणाच्या बॅगेत आहे हे सामन्याआधीच विचारून ठेवलेलं बरं.

पायरी ८ : कार्ड आणि निदान एकत्र करू नका

नडगीचं हाड मोडल्याचा आवाज ओळखणाऱ्या माणसाचा हात लाल कार्डाकडे लवकर जातो. फुटबॉलमध्ये फाउलची तीव्रता खेळाडूनं काय केलं यावर ठरते : निष्काळजी होता, बेपर्वा होता, की जास्तीचं बळ वापरलं. हाड मोडलं की नाही यावर नाही. साध्या अडखळण्यातही पाय मोडतो, आणि दोन्ही पायांनी मारलेल्या भयंकर टॅकलमधून समोरचा उडी मारून सुखरूप सुटतो. म्हणून निर्णय आधी मनात पक्का करा, सहकाऱ्याला सांगा, मग जखमीकडे वळा. जखम बघितल्यावर निर्णय बदलायचा नाही.

उलट बाजूही आहे. ‘ऊठ, तुला काही झालेलं नाही’ हे वाक्य डॉक्टर पंचानं कधीच बोलू नये. नाटक करणाऱ्याला सांगायचं असेल तर नियमानं सांगा : उपचार हवेत का, हवेत तर बाहेर जावं लागेल. बहुतेकांना चालता येतं असं लगेच दिसतं.

कर्णधारानं, पालकांनी, बातमीदारानं विचारलं तरी निदान सांगू नका. ती माहिती खेळाडूची आहे.

पायरी ९ : शिट्टी द्या किंवा घ्या

संघाचं वैद्यकीय पथक पोहोचलं की तीन वाक्यांत काय पाहिलं, किती वाजता, काय केलं ते सांगा आणि मागे व्हा. ‘मी डॉक्टर आहे’ हे सांगायला हरकत नाही, पण ते मागतील ते करायला थांबा, सूचना देत बसू नका. तुमचं काम आता जागा मोकळी ठेवणं, खेळाडूंना आपापल्या बाकांकडे पाठवणं, कॅमेरे दूर ठेवणं.

तुम्हीच उपचार करत असाल तर शिट्टी आणि कार्डं सहकाऱ्याच्या हातात खरोखर काढून द्या. रुग्णाचं डोकं धरून बसलेल्या माणसानं वेळ किती गेला आणि बदली कोण येणार हे ठरवू नये. ॲम्ब्युलन्स गेल्यावर सामना परत चालवायला घ्यावा का? तुम्ही छातीदाब दिला असेल तर माझं मत सरळ आहे : नका घेऊ. हात थरथरत असतात आणि पुढच्या पेनल्टीवर ज्याच्याविरुद्ध निर्णय जाईल त्या संघाला वाटणार की तुम्ही भावनेच्या भरात आहात. राखीव पंच नसेल तर दोन्ही कर्णधारांशी आणि आयोजकांशी बोलून सामना तहकूब करा.

पायरी १० : त्याच संध्याकाळी

दोन वेगळे कागद लिहा. एक सामन्याचा अहवाल : कितव्या मिनिटाला काय झालं, खेळ किती वेळ थांबला, कोणता निर्णय दिला, कोणी बाहेर गेला. त्यात निदान नको. दुसरा तुमच्या वैद्यकीय मदतीची नोंद : कोसळल्याची वेळ, दाब सुरू केल्याची वेळ, झटके किती, कोणाच्या ताब्यात दिलं. ही नोंद ॲम्ब्युलन्सवाल्यांना किंवा रुग्णालयाला, आणि एक प्रत तुमच्याकडे. वेळा लगेच लिहून काढा, दुसऱ्या दिवशी त्या सरकतात. शक्य असेल तर उपचार चालू असतानाच गुणलेखकाला वेळा टिपायला बसवा, त्याच्याकडे घड्याळ आणि पेन्सिल दोन्ही असतात.

एईडी वापरलं असेल तर पॅड नवे लागतील आणि त्यातली नोंद रुग्णालयाला हवी असते, हे आयोजकांना सांगा, नाहीतर यंत्र तसंच पेटीत परत जातं. आणि ज्या तरुण लाइन्समननं दाब दिले त्याला रात्री एक फोन करा.